रकाना सातवा आणि गोजरबाईचा पाय

सरकारी पाकीट आलं तेव्हा निवृत्ती ढगे एका म्हाताऱ्याचा गुडघा वाकवत होता. पाकिटावरचा मुंबईचा शिक्का पाहून त्याने गुडघा अर्ध्यात सोडला आणि पत्र फोडलं. वेतनश्रेणीबद्दलच्या त्याच्या अर्जाची सरकारने दखल घेतली होती. अर्ज सहावा होता. आधीचे पाच कुठे गेले, हे सरकारलाही सांगता आलं नसतं. येत्या बुधवारी आठल्ये नावाचे तपासणी अधिकारी स्वतः दवाखान्यात येऊन त्याचं काम पाहणार होते.

"भाऊ, माहा पाय," म्हातारा म्हणाला.

"हाव, हाव," म्हणत निवृत्तीने आनंदाच्या भरात त्याचा दुसराच पाय उचलला.

आनंद होण्यासारखीच गोष्ट होती. निवृत्ती मुंबईला तीन वर्षं शिकून फिजिओथेरपिस्ट होऊन आला होता. प्रमाणपत्र काचेत घालून त्याने दवाखान्यातल्या आपल्या खोलीत लावलं होतं. पण त्याची जागा मंजूर झाली होती ती हा मुलूख नागपूरच्या सरकारात होता तेव्हा. त्या वेळच्या कोण्या कारकुनाला या कामाला काय म्हणावं ते सुचलं नाही, म्हणून त्याने यादीत 'मालिशवाला' असं लिहून टाकलं. भिस्ती, मालिशवाला, माळी अशा क्रमाने ही मंडळी चौथ्या श्रेणीत एकाखाली एक बसली होती. पुढे राज्य बदललं, महाराष्ट्र झाला, दवाखान्यावरची पाटी बदलली, पण यादी तशीच राहिली. मुंबईकडे हेच काम करणाऱ्याला कंपाउंडरच्या बरोबरीने तिसरी श्रेणी होती. निवृत्तीला मात्र पगाराच्या दिवशी माळ्याच्या पुढे आणि भिस्त्याच्या मागे उभं राहावं लागे.

तेही त्याने सोसलं असतं. पण त्याचे सासरे, वरवट बकालचे उकंडराव, यांनी ते सोसलं नाही. त्यांनी काचेतलं प्रमाणपत्र पाहून पोरगी दिली होती. दिवाळसणाच्या आधी ते सहज दवाखान्यात आले आणि जावई दिसेना म्हणून त्यांनी कारकुनाला विचारलं. कारकुनाने यादीवर बोट ठेवून, "हे पाहा, मालिशवाला ढगे, मागच्या खोलीत," असं सांगितलं. उकंडराव मागच्या खोलीकडे गेलेच नाहीत, सरळ मोटार धरून गावी गेले. दिवाळीला माहेरी गेलेली शालूबाई मग परत आली नाही. "कागद बदलला का पोरीले आनून सोडतो," असा त्यांचा निरोप आला. त्याला आता आठ महिने झाले होते. शालूबाईचं दर पंधरा दिवसांनी पत्र येई आणि त्यात शेवटची ओळ ठरलेली असे: बाबा ऐकत नाहीत, कागदाचं पाहावं.

पत्रासोबत एक तक्ताही आला होता. त्यात दहा रकाने होते. दवाखान्याचे डॉक्टर चष्मा पुसून तो वाचू लागले.

"ढगे, पहिले सहा रकाने शोभेचे आहेत. सगळं मरण सातव्यात आहे. ऐका. 'हे काम प्रशिक्षण न घेतलेला माणूस करू शकतो काय?' 'नाही' लिहिलं तर तुम्ही तिसऱ्या श्रेणीत. 'हो' लिहिलं तर जन्मभर माळ्याच्या शेजारी."

"कोनी करू शकत नाही, साहेब," निवृत्ती छाती काढून म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला खिडकीतून मागच्या ओट्यावर गोजरबाई दिसली. छाती पुन्हा आत गेली.

गोजरबाई ही दवाखान्यातली आया. पन्नाशीची, ठेंगणी, आणि जन्मतःच पायाळू. आईच्या पोटातून ती पायांकडून आली होती. पायाळू माणसाची लाथ कमरेत बसली की भरलेली चमक निघून जाते, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. लाथ म्हणजे टाचेचा एक धक्का. संग्रामपूरपासून जळगाव जामोदपर्यंतचे लोक कमरेवर हात ठेवून, वाकडे होऊन येत आणि मागच्या ओट्यावर गोजरबाईकडून लाथ खाऊन सरळ होऊन जात. ती पैसा घेत नसे. "पैसा घेतला का पायाचा गुन जाते," असं ती सांगे.

निवृत्ती त्याच दुखण्याला शेकायचा दिवा, व्यायाम आणि दहा दिवस सांगे. लोक दिवा पाहायला त्याच्याकडे येत आणि बरे व्हायला ओट्यावर जात. अर्धांगाने पडलेली, हातपाय मोडलेली कितीतरी माणसं त्याने चालती केली होती, आणि ते गोजरबाईच्या बापालाही जमलं नसतं. पण ती माणसं सहा सहा महिन्यांनी चालत, त्यामुळे तोवर लोक विसरून जात. याचा निवृत्तीला फार राग येई.

मंगळवारी संध्याकाळी तो ओट्यावर जाऊन बसला.

"गोजरबाई, उद्या एकाही मानसाले पाय लावू नोका."

"काऊन?"

"मुंबईचा साहेब येऊन राह्यला. मी दहा दिवसांत करतो ते तुमी एका लाथेत करता, हे त्यानं पाह्यलं का तो सातव्या रकान्यात 'हो' लिहीन. मंग शालू काही येत नाही."

गोजरबाईला रकाना कळला नाही, पण शालू कळली.

"नवी नवरी आठ महिने माहेरी. मले बी ते बरं वाटत नाही, निवृत्तीभाऊ," ती म्हणाली. "शेगावच्या महाराजाची आन. तू सोताच्या तोंडानं म्हनत नाहीस तंवर माहा पाय जमिनीवरून उठनार नाही."

निवृत्ती त्या रात्री निवांत झोपला.

बुधवारी अकराच्या सुमाराला शेगावहून जीप आली. धोतर सोडून ठेवणीतली पँट घातलेला निवृत्ती, डॉक्टर आणि शिपाई वहाब असे तिघे दारात उभे होते. आठल्येसाहेब उतरले. गोरे, उंच, ताठ गृहस्थ होते. मागच्या बाकावरची कागदांची पिशवी घ्यायला ते वाकले, "आई गं," असं सावकाश म्हणाले आणि तसेच राहिले.

कोणाला आधी काही कळलं नाही. वहाबला वाटलं साहेब पिशवी शोधतायत, म्हणून तो मदतीला गेला.

"हात लावू नका," साहेब जमिनीकडे पाहत म्हणाले. "कमरेत काहीतरी झालंय. मला सरळ होता येत नाही."

दुसऱ्याच्या दुखण्याने माणसाला आनंद होऊ नये. पण निवृत्तीला झाला. सहा अर्जांत जे लिहून पटलं नाही ते आता सरकारच्या कमरेवरच दाखवता येणार होतं. त्याने साहेबांना तसंच काटकोनात चालवत आपल्या खोलीत आणलं, पोटावर झोपवलं आणि काम सुरू केलं. कुठे दुखतं, पायात मुंग्या येतात का, खोकलं की कळ जाते का, सगळं विचारलं. एकेक पाय सरळ उचलून पाहिला. स्नायूंची नावं मुंबईच्या उच्चारात घेतली. साहेब कण्हत का होईना, पण "वा, पद्धतशीर आहे," असं म्हणाले. मग निवृत्तीने शेकायचा दिवा लावला. लाल उजेड पाठीवर पडला, दाराशी जमलेले रोगी हरखले, आणि सात मिनिटांनी वीज गेली.

"वहाब, वायरमनले बोलाव," निवृत्ती म्हणाला.

"वायरमन जळगाव जामोदले साल्याच्या शादीत गेला, भाऊ. कल येते म्हने."

मग वाळू तापवून पुरचुंडीने शेकणं झालं, हलका व्यायाम झाला. दीड वाजता साहेब उठून उभे राहिले, ते काटकोनापेक्षा दोन बोटं सरळ होते.

"पूर्ण बरं व्हायला किती वेळ?" त्यांनी निवृत्तीच्या बुटांना विचारलं. सकाळपासून त्यांना माणसांचं पावलांपलीकडे काही दिसतच नव्हतं.

"दहा दिवस, साहेब. रोज शेक आणि व्यायाम."

"दहा दिवस?" साहेब म्हणाले. "अहो, मला संध्याकाळची गाडी शेगावला गाठायची आहे. उद्या नागपूरला बैठक आहे, तुमच्याच श्रेणीची. मी पोचलो नाही तर हा विषय थेट पुढच्या वर्षी निघेल."

निवृत्तीने मनात हिशेब केला. पुढचं वर्ष म्हणजे आणखी चोवीस पत्रं आणि चोवीस वेळा 'बाबा ऐकत नाहीत'.

तेवढ्यात साहेबांना दाराशी दोन अनवाणी पावलं दिसली. ती उचलली जात नव्हती. जमिनीला घासत, इंचाइंचाने सरकत चालली होती, आणि त्यांच्यामागून एक झाडू येत होता.

"या बाईंवर तुमचे उपचार चालू आहेत का?" साहेबांनी कळवळून विचारलं. "बिचारीला पाय उचलता येत नाहीत."

निवृत्तीने कपाळाला हात लावला. गोजरबाईने शपथ अक्षरशः पाळली होती. सकाळपासून ती सगळा दवाखाना असाच सरपटत झाडत होती.

"नाही साहेब, त्या बाईच्या पायाले काही झालं नाही," वहाब उत्साहाने पुढे झाला. "लाख मोलाचे पाय हायेत ते. एक लाथ मारली का चमक खल्लास. माह्या ससऱ्याले बैलगाडीत आनलं, गेला तं सायकल चालवत गेला."

निवृत्तीने वहाबकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. पण बोलणं होऊन गेलं होतं. आणि दाराशी बसलेल्या रोग्यांना तर एवढंच हवं होतं. प्रत्येकाने आपली, मामाची, शेजाऱ्याची चमक सांगितली. निवृत्तीने ज्याला पाच महिने खपून काठीविना चालता केला होता, त्या भगवानरावानेही, "गोजरबाईचा पाय म्हंजे पाय," अशी साक्ष दिली.

"पुरे," साहेब म्हणाले. "मी सरकारी अधिकारी आहे. माझ्याच खात्यातल्या आयाची लाथ मी खाणार नाही."

हे ते दोन वाजता म्हणाले. अडीचला त्यांनी जीपमध्ये बसून पाहिलं. बसता येईना, म्हणून मागच्या बाकावर आडवं होऊन पाहिलं. ड्रायव्हरने गाडी दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेली आणि साहेबांचा आवाज ऐकून तशीच उलटी परत आणली. साडेतीनला ते पुन्हा निवृत्तीच्या खोलीत काटकोनात उभे होते. चारला त्यांनी हळूच विचारलं, "ते पाय कुठे आहेत?"

गोजरबाई सरकत सरकत आली.

"हेच का ते?" साहेबांनी त्या दोन पावलांकडे निरखून पाहिलं. "बाई, काय असेल ते करा. मला गाडी गाठायची आहे."

"नाही जमत, साहेब," गोजरबाई म्हणाली. "महाराजाची आन घेतली हाये. निवृत्तीभाऊ म्हनन तवाच पाय उठन."

साहेबांनी मान शक्य तितकी वळवली आणि बुटांवरून निवृत्ती कुठला ते ओळखलं. वहाब निवृत्तीच्या कानाशी लागला.

"भाऊ, हाच टाइम हाये. वाकेल हाये तंवर मांगून घ्या. सरळ झाला का साहेब होते तो."

साहेबांनाही ते सुचलंच होतं. "ढगे, जमादाराची श्रेणी देतो," ते म्हणाले. "तशी शिफारस लिहितो. चौथ्यातच, पण वरची."

निवृत्तीला पेच पडला. गोजरबाईला 'हो' म्हणावं तर सातव्या रकान्याचा निकाल साहेबांच्या कमरेवरच लागणार. 'नाही' म्हणावं तर साहेब बैठकीला पोचत नाहीत. आणि मोल करायचं ठरवलं तर याहून चांगला बाजार त्याला जन्मात मिळणार नव्हता. नीट ताणलं असतं तर साहेब कंपाउंडरवर काय, डॉक्टरच्या श्रेणीवरही आले असते. त्याने साहेबांकडे पाहिलं. भुवईवरून घामाचा थेंब ओघळून त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर थांबला होता, आणि तो पुसायला हात उचलायचीही त्यांना भीती वाटत होती.

"साहेब, श्रेणीचं आत्ता काही बोलू नका," निवृत्ती म्हणाला. "दुखत्या माणसाशी भाव करायचा नसतो. पहिल्या वर्षाला शिकवलंय आम्हाला." त्याने पंच्याने साहेबांचं नाक पुसलं आणि पाठीवर पुन्हा हात फिरवला. "नस दबलेली नाही. मघाशी तपासलंय. फक्त हा एक स्नायू आवळून बसलाय. नस दबलेली असती तर मी कोणाला पाय लावू दिला नसता, तुमची गाडी गेली तरी."

मग त्याने निळी पेन्सिल घेऊन साहेबांच्या शर्टावर, मणक्याच्या डाव्या अंगाला, एक फुली काढली.

"गोजरबाई, उठवा पाय. या फुलीवर. मनक्यावर नाही."

"किती जोरानं?"

"दोन्ही हातांत घागरी असल्या का पायानं दार लोटता ना, तेवढं."

गोजरबाईने डोळे मिटले, महाराजांचं नाव घेतलं आणि दिवसभर जमिनीला चिकटलेला पाय उचलून दार लोटलं. साहेबांच्या कमरेतून कट असा आवाज आला. ते थोडे वर आले, थांबले, आणखी वर आले आणि सरळ उभे राहिले. त्यांनी खोली पाहिली, काचेतलं प्रमाणपत्र पाहिलं आणि समोर उभ्या असलेल्या निवृत्तीकडे पाहिलं.

"अरेच्चा, तुम्ही एवढे तरुण आहात होय," ते म्हणाले.

साहेबांनी उभ्या उभ्याच तक्ता भरला. सहा रकाने भराभर झाले. सातव्याशी पेन थांबलं. साहेब प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक माणसाची निवृत्तीला त्या घडीला फार भीती वाटली.

"'नाही' असं मला लिहिता येणार नाही, ढगे. लाथ मी खाल्ली आहे."

"हो, साहेब."

"पण मारायची की नाही, कुठे आणि किती, हे तुम्ही ठरवलंत. ते त्या बाईंना येत नाही." एवढं बोलून त्यांनी बरंच काही लिहिलं, कागद पिशवीत घातला, पिशवी वहाबला उचलायला लावली आणि जीपमध्ये ताठ बसून निघून गेले. फुली पाठीवर तशीच होती. नागपूरच्या बैठकीत ती कोणी पाहिली की नाही, ते कळलं नाही.

अडीच महिन्यांनी आदेश आला. यादीतून मालिशवाला हा शब्द गेला होता. निवृत्ती ढगे, फिजिओथेरपिस्ट, तिसरी श्रेणी, कंपाउंडरच्या बरोबरीने. निवृत्तीने तो चारदा वाचला आणि नंतर न लाजता रडला. आदेशाला दुसरा परिच्छेदही होता. साहेबांचं सातव्या रकान्यातलं वाक्य मुंबईतल्या कोणीतरी नियम समजून उतरवून घेतलं होतं: 'सदर रुग्णालयात प्रशिक्षित व्यक्तीने जागा दर्शविल्याखेरीज कोणत्याही अप्रशिक्षित कर्मचाऱ्याने रुग्णाच्या पाठीस पाय लावू नये.' डॉक्टरांनी तो गोजरबाईला वाचून दाखवला आणि खाली तिचा अंगठा घेतला. सरकारने आपल्या पायाची दखल घेतली म्हणून तिला धन्य वाटलं. त्या दिवसापासून चमक भरलेला प्रत्येक माणूस आधी निवृत्तीच्या खोलीत जाऊन पाठीवर निळी फुली घेऊ लागला आणि मगच ओट्यावर जाऊ लागला.

निवृत्तीने आदेशाची नक्कल रजिस्टर पोस्टाने वरवट बकालला धाडली. आठव्या दिवशी उकंडराव शालूबाईला घेऊन एस.टी.ने आले. निवृत्ती घ्यायला गेला, सोबत वहाब आणि सहज म्हणून गोजरबाई. शालूबाई मोटारीतून उतरली, नवऱ्याकडे पाहून हसली आणि मग वडील आहेत हे आठवून तिने पदर पुढे ओढला. टपावर तिची पत्र्याची पेटी होती. दहा-अकरा महिन्यांत आईने तिच्यात काय काय भरलं होतं देव जाणे.

"हमाल पाहू का, जवाईबापू?" उकंडरावांनी विचारलं. जवाईबापू म्हणायची त्यांची ही दिवाळीनंतरची पहिलीच वेळ होती.

"कायले, मामाजी? वजन कसं उचलाचं ते तं मीच लोकायले शिकवतो," निवृत्ती म्हणाला. मागच्या शिडीवर चढून त्याने पेटी ओढली, खांद्यावर घेतली, खाली उतरला, ती ठेवायला वाकला आणि तसाच राहिला.

उकंडरावांनी थोडा वेळ वाट पाहिली. "पाया पडून राह्यले का काय? असू द्या, असू द्या."

"चमक," निवृत्ती जमिनीकडे पाहत म्हणाला. "गोजरबाई, इकडं या."

गोजरबाई आली. तिने पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"नाही जमत, निवृत्तीभाऊ. अंगठा देल्ला हाये. जागा शिकेल मानसानं दाखवाले पायजे."

"अहो, मीच शिकेल हाये."

"मंग दाखव ना बापा, कुठी हाये ते."

निवृत्तीने डावा हात मागे नेला, मग उजवा नेला. दोन्हीही जागेपासून चार बोटं दूर राहिले.

"मुंबईले तीन वरसं शिकले," उकंडराव वहाबला म्हणाले, "अन् सोताच्या पाठीले हात पुरत नाही?"

शालूबाई पुढे झाली. बाजारपेठ, एस.टी.तली माणसं, वडील, कशाचीही पर्वा न करता ती नवऱ्याजवळ गेली आणि तिने त्याच्या पाठीवर बोट ठेवलं.

"इथं?"

"जरा डाव्या अंगाले."

"इथं?"

"बोटभर खाली. हां."

बोट तिथेच ठेवून शालूबाईने गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाई अजून घुटमळत होती.

"शालूबाई, तू शिकेल हाये का पन?"

"आजपासून शिकून राह्यली," शालूबाई म्हणाली.

गोजरबाईने सरकारी कागद मनात एकदा आठवून पाहिला. त्यात किती शिकलेलं असावं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तिने डोळे मिटले, महाराजांचं नाव घेतलं आणि पाय उचलला.